बाळाची कॉट: मऊ नको, घट्ट आणि रिकामी हवी

कॉट पाहायला गेलं की बहुतेकांचा हात आधी गादीकडे जातो. गादी दाबून पाहायची, मऊ लागली की समाधान वाटायचं. मग लाकडावरची नक्षी, कडेने लावलेली गुबगुबीत झालर, छोटीशी उशी, जुळते रंग. बाळासाठी सगळ्यात मऊ आणि उबदार जागा शोधावीशी वाटते, ती मायेपोटीच. पण पहिल्या वर्षात झोपेच्या बाबतीत ही माया नेमकी चुकीच्या वाटेला नेते. मोठ्या माणसाला जे सुखाचं वाटतं त्यातलं बरंचसं तान्ह्या बाळाला धोक्याचं असतं, आणि मोठ्यांना जी कॉट उघडीबोडकी, कडक वाटते ती बाळाला पुरेपूर आरामाची असते. कॉटच्या मापांपासून चादरीपर्यंतचे सगळे नियम यातूनच निघतात. म्हणून आधी कारण समजून घेऊ.

मऊपणात धोका कसला?

जन्मतः बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळपास चौथा भाग असतं. एवढं डोकं पेलण्याइतकी ताकद मानेत अजून आलेली नसते. असं बाळ मऊ गादीवर पालथं झालं की नाक-तोंड गादीत रुततं आणि चेहऱ्याभोवती खळगा तयार होतो. बाळाने सोडलेला श्वास त्या खळग्यात साचतो आणि पुढच्या श्वासाबरोबर तीच हवा पुन्हा आत जाते. ऑक्सिजन कमी होत जातो, कार्बन डायऑक्साइड वाढत जातो. अशा वेळी मोठा माणूस झोपेतच मान वळवतो, जागा होतो. काही बाळांच्या मेंदूत जागं करणारी ही यंत्रणा अजून नीट काम करत नसते, आणि ते बाळ कोणतं हे बाहेरून पाहून कुणालाही सांगता येत नाही.

एक वर्षाच्या आतलं, वरकरणी निरोगी बाळ झोपेत अचानक दगावतं आणि शवविच्छेदनासह सगळी तपासणी करूनही कारण सापडत नाही, तेव्हा डॉक्टर त्याला 'सडन इन्फंट डेथ सिंड्रोम', थोडक्यात सिड्स म्हणतात. याचं प्रमाण दोन ते चार महिन्यांच्या वयात सर्वाधिक असतं आणि बहुतेक घटना पहिल्या सहा महिन्यांत घडतात. 1994 मध्ये फिलियानो आणि किनी या संशोधकांनी मांडलेला विचार आजही आधारभूत मानला जातो: बाळाच्या शरीरातला एखादा न दिसणारा कमकुवतपणा, वाढीचा नाजूक काळ आणि बाहेरून आलेला ताण या तीन गोष्टी एकाच वेळी जुळून आल्या की अनर्थ होतो. पहिल्या दोन आपल्या हातात नाहीत. तिसरी बरीचशी आहे. पालथं झोपवणं, मऊ अंथरूण, तोंडावर आलेलं पांघरूण, अति ऊब, आसपासचं धूम्रपान हे सगळं त्या तिसऱ्या गोष्टीत मोडतं.

हे नुसतं पुस्तकी नाही. अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 1992 मध्ये बाळांना पालथं झोपवू नका असा सल्ला दिला आणि 1994 पासून तिथे 'पाठीवर झोपवा' ही मोहीम सुरू झाली. त्यानंतरच्या वर्षांत अमेरिकेतलं सिड्सचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. त्यासाठी कोणतंही औषध किंवा यंत्र लागलं नाही, बाळाला झोपवण्याची पद्धत बदलली.

पाठीवर झोपलेल्या बाळाने दूध बाहेर काढलं तर ते श्वासनलिकेत जाईल, ही भीती घरोघरी असते. शरीराची रचना पाहिली की ती भीती कमी होते. बाळ पाठीवर असताना श्वासनलिका वर असते आणि अन्ननलिका तिच्या खाली. वर आलेलं दूध श्वासनलिकेत शिरायचं तर त्याला चढून जावं लागेल. पालथ्या बाळात उलट घडतं, कारण तिथे श्वासनलिका खालच्या बाजूला येते. तेव्हा रात्री असो वा दुपारी, प्रत्येक वेळी बाळाला पाठीवरच झोपवायचं. बाळ पुढे स्वतःहून दोन्ही बाजूंना वळायला लागलं की झोपेत पालथं झाल्यास त्याला पुन्हापुन्हा सरळ करत बसायची गरज नाही. मात्र ठेवताना पाठीवरच ठेवा, आणि कॉटमध्ये दुसरं काहीही नसू द्या.

गादी

कॉटच्या लाकडावर लोक खूप विचार करतात आणि गादी 'सोबत मिळाली ती' घेतात. माझ्या मते हे उलटं व्हायला हवं. बाळाच्या नाकाशी चोवीस तासांतले कित्येक तास असते ती गादी, नक्षी नव्हे.

गादीवर मधोमध तळहात जोराने दाबा, मग कडांवर, मग चारही कोपऱ्यांवर. हात उचलताच गादी लगेच पूर्ववत झाली पाहिजे, तळव्याचा ठसा राहता कामा नये. शरीराचा आकार घेणारा मेमरी फोम मोठ्यांच्या पाठीला छान वाटतो, पण बाळासाठी तो घेऊ नका. ठसा धरून ठेवणं हाच त्याचा गुण आणि तोच इथे घातक. साधा घट्ट फोम, स्प्रिंग, काथ्या, लेटेक्स यांपैकी काहीही चालेल. आतल्या मालापेक्षा घट्टपणा आणि सपाटपणा महत्त्वाचा. मधे खड्डा पडलेली, एका बाजूला दबलेली जुनी गादी टाळा. 'दोन बाजूंची' गादी मिळते, एक बाजू तान्ह्या बाळासाठी घट्ट आणि दुसरी मोठ्या मुलासाठी थोडी मऊ. ती घेतली तर कुठली बाजू वर आहे हे चादर बदलताना दर वेळी पाहावं लागतं.

आणि ही घट्ट गादी बाळाला बोचत नाही. त्याचं वजन जेमतेम काही किलो असतं, त्यामुळे मोठ्यांच्या शरीरावर पडतो तसा दाब त्याच्या खांद्यांवर किंवा कंबरेवर पडतच नाही. आपल्या पाठीला कडक वाटणारी गादी त्याच्यासाठी सपाट जमीन आहे, आणि तीच त्याला वळायला, हातपाय मारायला आधार देते.

यानंतर पाहायची ती फट. गादी चौकटीत बसवल्यावर गादी आणि कठड्याच्या मधे दोन बोटं सहज जात असतील तर ती गादी त्या कॉटची नाही. युरोपीय मानकानुसार ही फट कोणत्याही बाजूला 3 सेंटीमीटरपेक्षा जास्त नको. फट मोजताना गादी एका कोपऱ्यात सरकवून समोरच्या बाजूला मोजा, नाहीतर मोकळी जागा दोन्हीकडे विभागली जाऊन छोटी भासते. अशा फटीत बाळ घसरलं तर त्याचा चेहरा गादीच्या कडेला दाबला जातो आणि ते स्वतःहून बाहेर येऊ शकत नाही. फट दुपट्याने किंवा उशीने भरून काढू नका, गादीच बदला. एका गादीवर दुसरी गादीही नको.

चादर चारही बाजूंनी इलॅस्टिक असलेली आणि त्याच मापाची घ्या. मोठी चादर सुटून गोळा होते. लहान चादर आणखी वाईट, कारण ती गादीचे कोपरे वर ओढते आणि बुजवलेली फट पुन्हा उघडी पडते. गादीला धुता येणारं, पाणी आत न जाऊ देणारं पातळ आवरण असलं की ओलेपणा आणि बुरशी दोन्ही टळतात. जाड, कापूस भरलेलं आवरण मात्र गादीचा घट्टपणा वाया घालवतं.

गजांमधलं अंतर आणि कठड्याची उंची

उभ्या गजांमधलं अंतर ठरवण्यामागे एक कडू अनुभव आहे. अंतर जास्त असलं की बाळाचं अंग पायाकडून बाहेर सरकतं. कंबर निघते, छाती निघते आणि डोकं अडकतं. म्हणून अमेरिकेच्या नियमांत हे अंतर जास्तीत जास्त सुमारे 6 सेंटीमीटर आहे, आणि ईएन 716 या युरोपीय मानकात 4.5 ते 6.5 सेंटीमीटर. किमान मर्यादा हातपाय अडकू नयेत म्हणून. मोजपट्टी जवळ नसेल तर शीतपेयाचा नेहमीच्या आकाराचा डबा गजांमधून घालून पाहा. त्याची रुंदी सुमारे 6.6 सेंटीमीटर असते, म्हणजे तो आरपार जाता कामा नये. एकाच ठिकाणी पाहून थांबू नका, सगळे गज तपासा, आणि गज हाताने ओढूनही पाहा. सैल किंवा वाकणारा गज असला की मोजलेल्या अंतराला अर्थ उरत नाही. डोक्याकडच्या फळीत चांदणी, हृदय अशा आकाराची मोठी भोकं कोरलेली असतील तर ती कॉट सोडून द्या. लहानसं डोकं किंवा हात त्यात जाऊन वळला की परत येत नाही.

उंचीचंही तसंच. गादी ठेवायच्या तळापासून कठड्याच्या वरच्या कडेपर्यंतचं अंतर, तळ सगळ्यात खाली असताना, युरोपीय मानकात किमान 60 सेंटीमीटर आहे, आणि तळ वरच्या पातळीवर असताना किमान 30. गादी घातल्यावरही अनुक्रमे 50 आणि 20 सेंटीमीटर खोली उरली पाहिजे. म्हणजे गादी जितकी जाड तितका कठडा ठेंगणा. 10 सेंटीमीटरच्या आसपासची गादी बहुतेक कॉटना पुरते.

चार कोपऱ्यांचे खांब कठड्याच्या वर आलेले नकोत. शोभेच्या गोलसर टोकात बाळाची बाही किंवा गळ्याची कड अडकली आणि ते खाली बसलं तर फास बसतो. अमेरिकन मानकात हे टोक दीड मिलिमीटरपेक्षा जास्त वर नको असं म्हटलं आहे. इतकी बारीक मर्यादा ठरवावी लागली, यावरून धोका किती खरा आहे हे कळतं.

सुताराकडून कॉट करून घेणार असाल तर ही सगळी मापं कागदावर लिहून द्या. चांगला कारागीर लाकूड उत्तम घडवेल, पण ही मापं त्याला कुणी सांगितलेली नसतात.

सरकता कठडा आणि जोडणी

खाली सरकणारा कठडा सोयीचा वाटतो. बाळंतपणानंतर पाठ दुखत असताना तर फारच. पण त्याचे प्लास्टिकचे खटके झिजतात, तुटतात, किंवा जोडताना उलटे बसतात. मग कठडा एका कोपऱ्यातून सुटतो आणि गादीच्या बाजूला अरुंद भेग पडते. अमेरिकेत दहा वर्षांत 30 हून अधिक बालमृत्यू अशा कॉटशी जोडले गेले, लाखो कॉट परत मागवाव्या लागल्या आणि 28 जून 2011 पासून तिथे त्यांची विक्री बंद झाली. इतर काही देशांत त्या अजून मिळतात. माझं स्पष्ट मत असं की निवड करता येत असेल तर चारही बाजू पक्क्या असलेली कॉटच घ्यावी. पाठीसाठी तळाची पातळी वर घेण्याची सोय पुरते.

जोडणी झाल्यावर कॉट दोन्ही हातांनी धरून हलवा. करकरली, डगमगली तर पुढे जाऊ नका. नट-बोल्टची जोडणी चांगली. लाकडात थेट घुसवलेले स्क्रू काढ-घाल केली की सैल होतात. हरवलेल्या बोल्टच्या जागी घरातला कुठला तरी स्क्रू, दोरी किंवा चिकटपट्टी कधीही नको. जोडणीचा कागद टाकून न देता गादीखालच्या तळाला बाहेरून चिकटवून ठेवा, आणि दर महिन्याला सगळे बोल्ट एकदा आवळा. उभं राहून कॉट गदागदा हलवणारं मूल ते जितक्या लवकर सैल करतं त्याचा अंदाज आधी येत नाही.

प्रवासाच्या घडीच्या कॉटची गोष्ट वेगळी. वरचे दांडे पूर्ण सरळ होऊन खटका बसला नाही तर ते मधून वाकतात आणि त्या खोबणीत मान अडकू शकते. तिची गादी पातळ वाटली तरी सोबत आलेलीच वापरा. वर जादा गादी टाकली की कापडी भिंत फुगते आणि बाळ मधल्या जागेत घसरतं.

आत काय ठेवायचं?

बाळ, घट्ट गादी, ताणून बसवलेली चादर. एवढंच.

उशी नको, डोकं गोल व्हावं म्हणून दिली जाणारी तर मुळीच नको. डोक्याचा मागचा भाग चपटा होऊ नये यासाठी जागेपणी, नजरेसमोर बाळाला पोटावर खेळवा आणि झोपवताना डोक्याची दिशा आलटून पालटून बदला. लोड, तक्क्या, रजई, मऊ खेळणीही नकोत. कडेची कापूस भरलेली झालर डोकं आपटू नये म्हणून लावतात, पण तान्हं बाळ गजांवर स्वतःला दुखापत होईल इतक्या जोराने आपटूच शकत नाही. उलट झालरीत तोंड दाबलं जाण्याचा, तिच्या बंदांचा आणि पुढे तिच्यावर पाय देऊन चढण्याचा धोका असतो. अमेरिकेत 2022 च्या कायद्याने अशा झालरींवर बंदी आली. त्याच कायद्याने बाळाला उतारावर झोपवणारी तिरकी आसनंही गेली. 10 अंशांहून जास्त उतार असला की बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि मऊ श्वासनलिका दुमडते. गाडीतल्या सीटवर किंवा बाउन्सरमध्ये बाळ झोपून गेलं तर पोहोचल्यावर त्याला सपाट जागी हलवायचं, ते याच कारणाने.

थंडीचं काय? अंगात एखादा जादा थर किंवा बाळाच्या मापाची, टोपी नसलेली स्लीपिंग बॅग पुरते. गळा नीट बसणारा हवा, नाहीतर बाळ आत घसरतं. वजन भरलेल्या बॅग वापरू नका. गुंडाळून झोपवत असाल तर बाळ वळायची चिन्हं दिसताच ते बंद करा. बाळाला गार लागतंय का हे हातपाय चाचपून ठरवू नका, ते एरवीही गारच असतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे घाम किंवा चटका लागला तर कपडे कमी करा. झोपेत अति ऊब हीसुद्धा सिड्सची जोखीम वाढवणारी गोष्ट आहे.

मच्छरदाणी लावायची तर चौकटीच्या बाहेरून, ताठ ताणलेली आणि हाताशी दोरी येणार नाही अशी. बाळ ओढायला लागलं की ती खोलीच्या छताला टांगलेली, कॉटपासून दूर पसरलेली हवी. वर टांगलेलं खेळणं बाळ हात-गुडघ्यांवर रेटायला लागलं की, साधारण पाचव्या महिन्याच्या सुमारास, उतरवा.

कॉट पहिले निदान सहा महिने आईवडिलांच्याच खोलीत, त्यांच्या पलंगाजवळ ठेवावी, अशी शिफारस आहे. एक खोली, पण वेगळी जागा. दूध पाजणंही सोपं होतं. खिडकी, पडद्यांच्या दोऱ्या, विजेच्या तारा, हीटर आणि भिंतीवरची जड चित्रं यांपासून ती लांब असू द्या.

जुनी कॉट

नात्यातून आलेली कॉट नाकारणं जड जातं, हे खरं. पण ती घेण्याआधी वरची सगळी मापं घ्या. सुटे भाग पूर्ण आहेत का, मूळ बोल्ट आहेत का, कठडा सरकता आहे का, हे पाहा. फार जुना रंग असेल तर त्यात शिसं असू शकतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर 1978 मध्येच बंदी आली, जागतिक आरोग्य संघटनेची आजची शिफारस दहा लाखांत 90 भाग एवढ्याच मर्यादेची आहे, आणि दात येणारं बाळ कठडा चावतच असतं. रंगाचे पोपडे उडत असतील तर ती कॉट नको. घरी घासून रंग काढायला गेलात तर तीच धूळ हवेत पसरते. चौकट ठीक असली तरी गादी शक्यतो नवी घ्या. नवी कॉट किंवा गादी आणली की चार दिवस मोकळ्या हवेत, आवरणं काढून ठेवा, म्हणजे फोम आणि पॉलिशचा वास जातो. गादीवरचं पातळ प्लास्टिक काढून लगेच टाकून द्या.

कॉट बेड, आणि पातळी कधी बदलायची

साधी कॉट बहुधा 120 बाय 60 सेंटीमीटरची असते, कॉट बेड 140 बाय 70 ची. कॉट बेडचा कठडा पुढे काढता येतो आणि तोच पलंग मुलाला आणखी काही वर्षं पुरतो. जागा असेल तर तो सोयीचा सौदा आहे. फक्त मोठ्या चौकटीत छोट्या कॉटची गादी चालवून घेऊ नका.

तळ वरच्या पातळीवर ठेवायचा तो पहिल्या काही महिन्यांपुरताच. बाळ हातांवर रेटू किंवा बसू लागण्याआधी तो खाली घ्या, आणि धरून उभं राहण्याआधी सगळ्यात खाली. उद्या करू म्हणून हे काम राहतं आणि बाळ आजच उभं राहतं.

मूल 89 सेंटीमीटरच्या आसपास उंच झालं, किंवा उभं राहिल्यावर कठड्याची कड त्याच्या छातीच्या खाली येऊ लागली, की कॉट म्हणून तिचा वापर थांबवा. त्याआधीच त्याने पाय वर टाकून चढायचा प्रयत्न केला तर तेव्हाच. कठडा काढल्यावर अर्ध्या लांबीची आडवी पट्टी लावा म्हणजे झोपेत गडगडणार नाही, आणि काढलेले बोल्ट पिशवीत घालून चौकटीलाच बांधून ठेवा. त्या रात्रीपासून मूल केव्हाही उठून खोलीत फिरू शकतं, म्हणून कपाट आणि ड्रॉवर त्याच दिवशी भिंतीला पक्के करा, आणि खिडकीखाली चढता येईल असं काही राहिलं असेल तर ते हलवा.